स्वयंपाकघरातला मासळीचा वास

१ सप्टेंबर, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. उद्देश एकच. घर शंभर टक्के भूकंपसुरक्षित करण्याचं माझं काम शेवटच्या टप्प्यात आलं आहे, त्याची नोंद राहावी. वाचायला कुणाला द्यायची नाही. महानंदाला तर नाहीच. तिला नोंदींचं महत्त्व कळत नाही.

आजवर भिंतीला बोल्टने पक्क्या केलेल्या वस्तू : कपाटं दोन, भांड्यांची मांडणी, टीव्ही, देव्हारा, शिलाई मशीन, पलंग. खिडक्यांना ग्रिल. स्वतःचं हार्डवेअरचं दुकान असल्यामुळे बोल्टला तोटा नाही. बाकी राहिला फ्रिज.

३० तारखेला भूकंपाला एकतीस वर्षं होतात. त्याआधी फ्रिज.

२ सप्टेंबर, पोळा

दुकान बंद. फ्रिज बसवला. जागा मागच्या दारासमोरची, कारण काँक्रीटचा कॉलम तिथेच आहे. महानंदा म्हणाली, "अहो, मागचं दार बुजलं की." तिला शांतपणे समजावलं, की घराला दोन दारं असली म्हणजे ऐनवेळी माणसाचा गोंधळ होतो. ती भांडी आवरायला लागली. पटलं असावं.

भिंतीला चिकटून. मागे बोट जाईल एवढीसुद्धा फट नाही. बैलांची मिरवणूक झाल्यावर शांतलिंग वेल्डर आला, त्याच्याकडून बोल्टच्या डोक्यांवर वेल्डिंग मारून घेतलं. आता हा फ्रिज कुणाच्या बापाला हलणार नाही.

अडचण किरकोळ. प्लग पॉइंट आठ फूट लांब, मांडणीच्या मागे. दुकानातला सोनेरी स्टिकरचा एक्स्टेंशन बोर्ड लावला. स्टिकरवर शंभर टक्के कॉपर आणि सोळा अँपिअर असं स्वच्छ छापलेलं आहे. फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, तिन्ही प्लग त्यातच. बोर्ड फ्रिजच्या मागे स्क्रूने पक्का केला आणि मग फ्रिज लोटला. एकही वायर दिसत नाही. अत्यंत सुबक काम.

५ सप्टेंबर, गुरुवार

स्वयंपाकघराचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, दिवसातून चार वेळा पडला. सोळा अँपिअरचा होता. जुना माल, दम नाही. दुकानातून बत्तीसचा आणून लावला. संध्याकाळपासून एकदाही पडला नाही.

प्रश्न कायमचा मिटला.

८ सप्टेंबर, रविवार

फ्रिज फार उत्तम चालतो आहे. पूर्वी मधे मधे बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. आता बंद होतच नाही. महानंदा म्हणाली, भिंत गरम लागते. हात लावून पाहिला. लागते. गणपतीत ऊन असतंच.

१० सप्टेंबर, मंगळवार. दुपारी २

महानंदा दुकानात आली. येत नसते. हळू आवाजात म्हणाली, स्वयंपाकघरात मासळीचा वास येतोय.

आमच्या घरात. लिंगायताच्या स्वयंपाकघरात. जिथे अंड्याचं नावही निघत नाही. तिला विचारलं, मासळीचा वास कसा असतो हे तुला कुठून माहीत? तिने कन्नडमध्ये उत्तर दिलं. तिचं माहेर कर्नाटकातलं आळंद, राग आला की मराठी सुटते. उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी जाऊन स्वतः वास घेतला. आहे. मासळीचाच असावा. मीही आयुष्यात कधी घेतलेला नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

शास्त्रीय पद्धतीने निरीक्षण. सकाळी वास मंद. महानंदा शेंगाची चटणी मिक्सरला लावते तेव्हा वाढतो. दुपारी सगळ्यात जास्त. दुपारी शेजारचे रामकिसन जेवतात. त्यांची खिडकी आमच्या स्वयंपाकघरासमोरच आहे. माकणीच्या धरणावरून मासळी येते हे आमच्या सगळ्या सास्तुर गावाला माहीत आहे.

निष्कर्ष काढायला मोठी अक्कल लागत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

रामकिसनकडे गेलो. भांडायला नाही, समजुतीने बोलायला. म्हणालो, कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण खिडकी लावून घेत चला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "अप्पा, घरात गणपती बसलेत. आमी अंडंबी आणलं न्हाय महिनाभर. वास तुमच्याच घरातनं येतोय. आमची सून म्हणायली, अप्पाच्या घरी चोरून शिजतंय जनू."

चहा न घेता परत आलो. उलटा आरोप करणं ही जुनी युक्ती आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

अत्यंत मनस्ताप.

महानंदाने मला न विचारता शिवपुत्र वायरमनला घर दाखवलं. तो तिथून थेट माझ्या दुकानात आला आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "अप्पा, मासळी न्हाय ती. वायर तापायलीय. बोर्डाचं प्लास्टिक तापलं की असाच वास येतो. फ्रिज वढून घ्या बगू आज."

म्हणालो, फ्रिज ओढण्यासाठी बसवलेला नाही. मग त्याने दुकानातलाच एक सोनेरी स्टिकरचा बोर्ड उचलला, स्क्रू काढला आणि सगळ्यांना दाखवला. "ही तार बगा, केसावानी हाय. आतली पत्री तर डब्याच्या पत्र्यावानी. ह्याच्यावर मोबाइल लावावा, फ्रिज न्हाय. परवा लोहाऱ्यात एकाच्या घरी असाच बोर्ड जळाला, गादी पेटली. आन् तुमी वर बत्तीसचा एमसीबी टाकलाय. सोळाचा पडायला व्हता म्हणजे सांगायला व्हता तुमाला."

त्याला सांगितलं, तुझा बाप माझ्याकडून टेस्टर उधार नेत होता. पुन्हा दुकानाची पायरी चढू नकोस. तो बोर्ड काउंटरवर ठेवून निघून गेला. गिऱ्हाइकंही गेली.

रात्रभर विचार करायचं ठरवलं आहे. पण मुद्दा साधा आहे. दिवाळीपासून असे एक्केचाळीस बोर्ड मी गावात विकले. नावं मला पाठ आहेत. बोर्ड खराब आहे म्हटलं तर एक्केचाळीस घरं खराब आहेत. म्हणून बोर्ड खराब नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

महानंदा पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली. अंगणातलं शेड, भूकंपानंतर मिळालेलं. एकतीस वर्षं सरपण ठेवायच्या कामाला आलं. शेगडी, सिलिंडर, अंथरूण, सगळं घेऊन गेली. म्हणाली, "तो फ्रिज निघेस्तोवर मी त्या घरात पाय ठिवत न्हाय. तुमी बसा राखण करत."

भूकंपसुरक्षित घर सोडून पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्या तीस वर्षांच्या अभ्यासाचा यापेक्षा मोठा अपमान होऊ शकत नाही. दोन दिवसांत परत येईल.

२० सप्टेंबर, शुक्रवार

परत आलेली नाही. ताट उंबऱ्यावर ठेवते आणि जाते. गावात लोक विचारतात. सांगतो, घरात रंगकाम आहे.

वासावर उपाय सुरू : कापूर, धूप, फ्रिजवर कापलेली लिंबं. आता मासळी आणि लिंबाचा वास येतो.

एमसीबी खाली पाडून फ्रिज बंद करता येईल. एका बोटाचं काम आहे. दोनदा बोट नेलं. पण फ्रिजची घरघर शेडपर्यंत ऐकू जाते. ती थांबली की महानंदाला कळेल, आणि कळलं की ती जिंकली. शिवाय ती शिवपुत्रला सांगेल, शिवपुत्र गावाला सांगेल, आणि एक्केचाळीस माणसं दुकानात येतील. फ्रिज चालू राहिलाच पाहिजे.

२३ सप्टेंबर, सोमवार

मोठी बातमी. शाळेचे गौरीशंकर सर घरी आले. ३० तारखेला भूकंपात गेलेल्या लोकांना श्रद्धांजली झाली की आठवीच्या मुलांना माझं घर दाखवायला आणणार. आपत्तीत घर कसं सुरक्षित ठेवावं, यावर मी बोलायचं. सर म्हणाले, "अप्पा, तुमच्यासारखा अभ्यास तालुक्यात कुणाचा न्हाय." मग नाक वर करून म्हणाले, काही जळतंय का? म्हणालो, धूप.

आता माघार नाही. भाषणाचे मुद्दे काढायला घेतले.

२६ सप्टेंबर, गुरुवार

फ्रिजचं दार उघडताना हाताला झिणझिण्या येतात. वयोमानाने येतात. घरात रबरी चप्पल घालण्याचा नवा नियम केला. टाचांना बरं असतं. चप्पल घातल्यापासून झिणझिण्या कमी आहेत, म्हणजे टाचांचाच दोष होता.

दुधाचं पातेलं काढायचं टाळतो. काळा चहा तब्येतीला चांगला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी दुकानातून आलो तर घरात अंधार. महानंदाने व्हरांड्यातला मेन स्विच पाडला होता आणि शेडच्या दारात हात बांधून उभी होती. मी मेन वर केला. तिने पुन्हा येऊन पाडला. मी पुन्हा वर केला. रामकिसन गच्चीवरून बघत होते.

शेवटी मेन स्विच आणि एमसीबीच्या लोखंडी पेटीला दुकानातलं सगळ्यात मोठं कुलूप लावलं. किल्ली माझ्या करदोड्याला, पक्की गाठ मारून. महानंदा म्हणाली, "करा काय करायचं ते. पर मी विधवा हून ह्या शेडात बसणार न्हाय, एवढं ध्यानात ठिवा." अशी अभद्र भाषा. ती नंतर आत जाऊन रडली. मला पत्र्यातून ऐकू येत होतं. मी व्हरांड्यात बराच वेळ उभा होतो. मग कुलूप ओढून पाहिलं, पक्कं होतं.

२९ सप्टेंबर, रविवार

दुकान उघडलं नाही. भाषण लिहायला बसलो, भलतंच आठवत राहिलं.

भूकंपाच्या त्या पहाटे मातीचं माळवद कोसळलं तेव्हा मी एकवीसचा, राजेश्वरी चौदाची. माझी धाकटी बहीण. दोघांच्या मधे लोखंडी कपाट आडवं पडलं होतं. तिचा आवाज येत होता, माझा हात पोचत नव्हता. मी सांगत होतो, बोलत राहा, गप बसू नको. ती बराच वेळ बोलली. शाळेचं, मैत्रिणींचं, पाणी दे म्हणाली. उजाडल्यावर थांबली. मला दुपारी एकला बाहेर काढलं.

कपाट भिंतीला धरून राहिलं असतं तर ती सरकून माझ्याकडे आली असती. एवढंच आहे. मला तिची फार आठवण येते. दुसरं काहीही पडू दिलेलं नाही मी तेव्हापासून या घरात. हे महानंदाला माहीत आहे, तरी ती फ्रिजबद्दल बोलते.

भाषणात हे घ्यायचं नाही. भाषण मुद्देसूद हवं.

३० सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.३०

तयारी पूर्ण. इस्त्रीचा शर्ट. मुलांना थंड सरबत द्यायचं म्हणून फ्रिजमध्ये बर्फ लावला आहे, लिंबं मिक्सरमधून काढणार. महानंदाला बोलावलं, आली नाही. येईल. मुलं आल्यावर पाहुण्यांसमोर तरी येईल.

आज गावाला कळेल. रोजनिशी खिशात ठेवतो, मुद्दे विसरायला नकोत.

१ ऑक्टोबर, मंगळवार. पत्र्याचं शेड

वहीची पानं ओली आहेत. उजव्या हाताला पट्टी आहे. जमेल तसं लिहितो.

अकरा वाजता बत्तीस मुलं आणि गौरीशंकर सर. कपाटं दाखवली, मुलांनी धक्के मारून पाहिले, एकही हललं नाही. सर खूश. मग सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं. फ्रिज दाखवला. म्हणालो, दहा जणांनी ओढा. ओढला. हलला नाही. टाळ्या.

सरबतासाठी मिक्सर लावला. दुसऱ्या मिनिटाला पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, फ्रिजच्या मागनं धूर येतोय." म्हणालो, ती वाफ आहे, थंडीची. तेवढ्यात मागे तडतड झालं आणि कॉलमवर पिवळा उजेड दिसला.

एक गोष्ट मी नीट केली. ती तरी लिहून ठेवतो. मी मुलांना रांगेत बाहेर काढलं, एकही पडलं नाही, रडलं नाही. पण ते करताना मोठ्याने जाहीर केलं, की घाबरू नका, हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे. शेवटची मुलगी बाहेर गेल्यावर मी मागे राहिलो. पाना घेऊन बोल्ट काढायला. वेल्डिंग मारलेले बोल्ट. ते मला आठवलं तोवर मधल्या दाराचा पडदा पेटला होता. मागच्या दारासमोर फ्रिज. पुढच्या दाराच्या वाटेत जाळ. खिडकीला ग्रिल, माझ्याच दुकानातले बोल्ट, सगळ्यात भारी.

खिडकीशी गेलो आणि ग्रिलला तोंड लावलं. अंगणात बत्तीस मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. प्रात्यक्षिक चालूच आहे असं त्यांना वाटत होतं. सर म्हणाले, "वा अप्पा, एकदम खरं वाटतंय."

महानंदाला मात्र कळलं. शेडमधून अनवाणी धावत आली. म्हणाली, मेनची किल्ली टाका. करदोड्याची गाठ सुटेना. मीच मारलेली. धुराने डोळे मिटत होते. तिने वाट पाहिली नाही. व्हरांड्यात गेली आणि वरवंट्याने कुलूप फोडायला लागली. घाव मोजले मी. अकराव्याला फुटलं. फ्रिजची घरघर थांबली. आता घरात फक्त जाळाचा आवाज येत होता.

रामकिसन बादल्या घेऊन आले. त्यांनी खिडकीतून पाणी मारलं, पहिली बादली माझ्यावरच. मग म्हणाले, "अप्पा, शिजली बगा तुमची मासळी." आणि दुसरी बादली मारली. तिसरी, चौथी. घामाघूम झाले होते. शिवपुत्रला कुणी फोन केला माहीत नाही, तो मोटारसायकलवरून पहार घेऊन आला. लाइट बंद, त्यामुळे कटर चालेना. पहारीने ग्रिल उचकटायला लागला. मधेच म्हणाला, "बोल्ट लई भारी वापरलेत अप्पा." त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही. मला तेच जास्त लागलं.

ग्रिल निघायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ महानंदा खिडकीशी उभी होती. ग्रिलमधून माझा हात धरून. गरम होता तो. म्हणाली, "बोलत राहा. गप बसू नका. काय बी बोला."

हे मी दुसऱ्या कुणाला तरी म्हणालो होतो. तिला ते ठाऊक आहे, एकदाच सांगितलं होतं, लग्नाच्या वर्षी.

बोलायला दुसरं काही नव्हतं माझ्याजवळ. म्हणून खरं बोललो. मासळी नाही म्हणालो. बोर्ड खराब होता. वायर बारीक होती, शिवपुत्रनं सांगितलं त्याच दिवशी मला कळलं होतं. फ्रिज बंद केला नाही कारण तुला कळलं असतं. एक्केचाळीस घरांत तेच बोर्ड आहेत. मग नावं सांगायला लागलो, पाठ होती. पंचवीस-तीस नावं झाली तेव्हा ग्रिल निघालं. तिने हात सोडला नव्हता. रामकिसनचं नाव त्यात सातवं होतं. जाळ विझत आला तसे ते बादली खाली ठेवून आपल्या घराकडे पळाले, प्लग काढायला.

बत्तीस मुलांतली निम्मी माझ्या गिऱ्हाइकांचीच. तीही पळाली.

२ ऑक्टोबर, बुधवार

घर उभं आहे. स्वयंपाकघर काळं.

शिवपुत्र सकाळी दुकानाची पायरी चढला. मीच बोलावलं. उरलेले सगळे बोर्ड पोत्यात भरले. दुपारपर्यंत घरोघर जाऊन एकोणतीस परत घेतले. बहुतेक लोकांनी बोर्ड हातात दिला आणि दार लावलं. तीन बोर्ड आतून काळे झाले होते. एक पाळण्याच्या मागे लावलेला होता. तो पोत्यात टाकला नाही, हातात धरूनच पुढच्या घरी गेलो. उरलेले बारा उद्या.

महानंदाने संध्याकाळी विचारलं, घरातलं काय काय वाचलं. जाऊन पाहिलं. फ्रिजचं दार गळून पडलं आहे, आतले कप्पे वितळले आहेत, रंग राहिलेला नाही. चारही बोल्ट शाबूत. फ्रिज जागचा तसूभरही हललेला नाही.

भूकंपात तो नक्की टिकला असता. हे महानंदाला सांगितलं नाही. शेडमध्ये तिच्या शेजारी माझं अंथरूण घातलं. इथे बोल्ट मारायला भिंतच नाही.